अंदूचा धाकटा भाऊ

श्रीनिवास दामले ज्या सहकारी बँकेत अधिकारी आहे, तिथे अधूनमधून एखादा खातेदार असा येतो, की त्याचं बँकेत काहीच काम नसतं. तो आधी टेबलावरची नावाची पाटी वाचतो, मग श्रीनिवासचा चेहरा न्याहाळतो, आणि पन्नाशीला टेकलेला तो गृहस्थ एकदम लाजून विचारतो, "तुम्ही पद्मजाबाई दामल्यांचे चिरंजीव ना? म्हणजे अंदू तुम्हीच?" श्रीनिवास हसून "हो, हो" म्हणतो. ठेवीदाराला नाराज करून बँक चालत नाही. तसा तो खोटं बोलणारा माणूस नाही, पण एवढं एक खोटं त्याच्या अंगवळणी पडलं आहे.

अंदूच्या गोष्टी मुलांच्या एका मासिकात तीसेक वर्षं येत होत्या. अंदू सात वर्षांचा, ढोपरं कायम फुटलेली, पुढचा एक दात पडलेला, आणि मोठ्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडण्यात पटाईत. त्या तीस वर्षांत पुण्यातले टांगे गेले, सायकली गेल्या, वाचणारी पोरं मोठी होऊन त्यांना टक्कल पडलं. अंदूचा पुढचा दात मात्र काही आला नाही. वाचकांना त्यातच मजा वाटायची. आपण म्हातारे होतो ते होतो, निदान एकजण तरी जागेवर आहे, असं माणसाला बरं वाटत असावं.

तो जागेवर का राहिला, हे वाचकांना ठाऊक नव्हतं. आनंद हा श्रीनिवासचा थोरला भाऊ, सातव्या वर्षी मेंदूज्वराने गेला. श्रीनिवास तेव्हा चार वर्षांचा होता आणि त्याला 'आनंद' म्हणता यायचं नाही. तो 'अंदू' म्हणायचा. पुढच्या वर्षी आईने पहिली गोष्ट लिहिली. घरात आनंदचं नाव काढायचं नाही असं कोणी ठरवलं नव्हतं, पण कोणी काढलंही नाही. त्याच्याविषयी जे बोलायचं ते आई मासिकातून बोलायची. वडील ते मासिक उघडत नसत.

आता सात वर्षांच्या पोराच्या खोड्या त्या किती असणार? दोन वर्षांत संपल्या. मासिक तर दर महिन्याला निघणार. मग श्रीनिवासच्या सुरू झाल्या. नऊ वर्षांचा असताना त्याने एका दुपारी दारावर पाटी लावली: 'आत लहान मुलगा झोपला आहे. बेल वाजवून उठवल्यास त्याला परत झोपवण्याची जबाबदारी आपली.' वडिलांचे साहेब नेमके त्याच दुपारी आले आणि पाटी वाचून परत गेले. श्रीनिवासच्या पाठीत धपाटे बसले. दोन महिन्यांनी तीच पाटी अंदूने लावली, आणि त्या गोष्टीला बक्षीस मिळालं. गोष्टीतल्या अंदूला भाऊ नाही. एकुलता एक आहे तो.

आणि हुंकारही श्रीनिवासचाच. गोष्ट कागदावर उतरवण्याआधी आई ती त्याला सांगून बघायची. दुपारची जेवणं झाली की चटईवर आडवं व्हायचं, तिने सांगायचं आणि त्याने 'हं' म्हणायचं. ऐकणाऱ्याने हुंकार दिला नाही, तर पोर झोपलं असं समजून सांगणारा थांबतो, ही आपल्याकडची जुनी रीत. पद्मजाबाईंनी ती कामाला लावली. हुंकार जिथे रेंगाळेल तिथे त्या गोष्ट दुरुस्त करायच्या. स्वतःचीच खोडी दुसऱ्याच्या नावावर ऐकत श्रीनिवास मन लावून 'हं' म्हणत राहायचा, कारण तेवढा वेळ आई फक्त त्याच्याकडे बघायची. याबद्दल त्याला हसू नका. तुम्ही-आम्हीही हेच केलं असतं.

यंदा केयूर नावाच्या एका तरुण प्रकाशकाने सगळ्या गोष्टी एकत्र छापायला घेतल्या. शेवटी एक नवी गोष्ट हवी, म्हणाला, अंदू मोठा होतो अशी. ऐंशी उलटलेल्या पद्मजाबाईंनी महिनाभर हो की नाही ते सांगितलं नाही. मग एका संध्याकाळी श्रीनिवासला त्यांचा फोन आला. "रविवारी गोष्ट ऐकायला ये. जेवायलाच ये. पोट भरलेलं असताना तू जागा राहिलास, तर गोष्टीत दम आहे असं समजेन."

"या वेळी तरी विचारा," रुपाली, त्याची बायको, म्हणाली. "नाहीतर पुस्तक येईल, आणि तुम्ही आहात तसेच हो हो करत बसाल."

"काय विचारू? पन्नाशीत आईला विचारू, की पाटी कोणाची होती?"

"हो. तेच विचारा."

त्याला हवं होतं ते एवढंसंच होतं. पुस्तकात कुठेतरी, अगदी बारीक अक्षरात का होईना, आईने एकदा म्हणावं की यातलं काही श्रीनिवासचं आहे. लहानपण आपल्यालाही होतं याचा दुसरा पुरावा त्याच्याजवळ नव्हता. सगळं छापून गेलं होतं, दुसऱ्याच्या नावावर.

रविवारी धायरीहून निघून, सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीला शिव्या देत तो नारायण पेठेत पोचला. आईने वरणभात केला होता. जेवताना त्याला विचारता आलं नाही, हात धुतानाही नाही. आई कॉटवर आडवी झाली. त्याने आपल्या गुडघ्यांचा विचार करून चटईऐवजी खुर्ची घेतली.

"अंदू एके दिवशी सकाळी उठला," आई सांगू लागली, "आणि आरशात बघतो तो काय, दात आलेला."

"हं."

सुरुवात झकास होती, हे मान्य करायला हवं. अंदूला मिसरूड फुटलं, तो बी.कॉम. झाला, एका बँकेत लागला. श्रीनिवास 'हं' म्हणत होता. अंदूने धायरीला फ्लॅट घेतला. त्याचा चष्मा सारखा हरवायचा आणि दर वेळी कपाळावर सापडायचा. श्रीनिवासचा हात आपसूक कपाळाकडे गेला. चष्मा तिथेच होता.

"हं," तो म्हणाला.

"अंदूची आई आता म्हातारी झाली होती. पण अंदू दर रविवारी न चुकता तिच्याकडे जेवायला यायचा."

आईने वाट पाहिली. मग मान वळवून म्हणाली, "झोपलास का रे?"

"नाही."

"मग हं का नाही म्हणालास?"

"रविवारी येतो तो मी आहे, आई."

पद्मजाबाई पुण्याच्या. एरवी त्यांनी या वाक्याला दोन शब्दांत वाटेला लावलं असतं. त्या छताकडे बघत राहिल्या. "तो आला असता तर असाच आला असता," त्या म्हणाल्या. "मला तो मोठा झालेला बघायचा होता, श्री. आणि मोठा झालेला मुलगा मला एकच ठाऊक आहे."

श्रीनिवासला राग आला, आणि त्याच क्षणी तिची दयाही आली. दोन्हींपैकी काय आधी बोलावं हे न कळून तो म्हणाला, "ती पाटीसुद्धा माझी होती."

"माहीत आहे. धपाटे मीच घातले होते तुला."

"मग लिहिलं का नाहीस तसं?"

आई उशीचा अभ्रा सारखा करू लागली.

"एक गोष्ट तुला माहीत नाहीये," तो म्हणाला. बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. "अकरा वर्षांचा होतो. शाळेत न जाता बस पकडून कात्रजला गेलो होतो. तळ्याच्या काठावर दप्तर घेऊन बसलो. घरी यायचंच नाही असं ठरवून गेलो होतो. मी हरवलो तर तू कोणाची गोष्ट लिहितेस, ते बघायचं होतं. एका शेंगावाल्याने फुकट शेंगा दिल्या. अंधार पडायला लागला तशी फार भीती वाटली, म्हणून परत आलो. तुला सांगितलं, मित्राकडे अभ्यासाला थांबलो होतो."

आई कॉटवर उठून बसली. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर पुढच्या महिन्यात अंदू कात्रजला गेला असता."

एवढ्या वर्षांत तिच्या हातून जे झालं होतं, ते तिला या एका वाक्यात दिसलं असावं; तिचा चेहरा पार उतरला. श्रीनिवासला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत. तेवढ्यात त्याने पाहिलं, की आईचा उजवा हात उशाशी ठेवलेल्या पेनाकडे सरकला आहे.

तिने त्याची नजर कुठे आहे ते पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा असावा. हात तिने ओढून मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने आपलंच उजवं मनगट घट्ट धरून ठेवलं.

"हं," ती म्हणाली. "मग तळ्यावर अजून काय झालं?"

हा हुंकार आई देते आहे की लेखिका, हे त्याला ओळखता येईना. त्याने खुर्ची कॉटजवळ ओढली आणि पुढचं सांगायला सुरुवात केली.