चौदा रिकाम्या घरांचे दिवे

चारुलता सबनीस यांच्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. नेरूळच्या एकाच इमारतीत आम्ही एकतीस वर्षं राहिलो, त्या तिसऱ्या मजल्यावर आणि मी तळमजल्यावर. तरी त्यांचं मूळ गाव कुठलं, त्यांनी लग्न का केलं नाही, मला सांगता येणार नाही. गेल्या महिन्यात त्या पनवेलला वारल्या. त्यांची भाची नमिता म्हणाली, "काका, शेवटी इमारतीत मावशीच्या सोबत तुम्हीच होतात. चार ओळी लिहून द्या." नाही म्हणायला जमलं नाही. मला खरं तर त्यांचे इमारतीतले शेवटचे बारा दिवस तेवढे माहीत आहेत, तेही संध्याकाळचे.

आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं होतं. सोळा घरांपैकी चौदा रिकामी झाली. राहिलो मी आणि चारुलताबाई. मी भाड्याचं घर शोधण्यात दिरंगाई केली होती. त्या का राहिल्या होत्या, हे कुणालाच कळत नव्हतं.

एके दिवशी भाजी घेऊन परतत होतो. नुकतंच अंधारायला लागलं होतं. वर पाहिलं तर दुसऱ्या मजल्यावर एका खिडकीत दिवा होता. ते बिऱ्हाड जाऊन महिना झाला होता, जाताना त्यांनी पंखे आणि नळसुद्धा काढून नेले होते. मी पाहत उभा असतानाच शेजारच्या खिडकीत दिवा लागला. मग वरच्या. कुठे माणूस दिसेना की आवाज येईना, फक्त खिडक्या एकामागून एक उजळत होत्या.

वॉचमन सुभाष गेटवर होता. तो शेजारच्या सारसोळे गावचा, त्याला कशाची भीती नसते असा माझा समज होता.

"तू लावतोस का रे दिवे?"

"मी? काका, मी गेट सांबालतो, जिना नाय." तो वर न बघता म्हणाला. "धा दिस चाललंय ह्ये. तुमचंच घर बाकी हाय. आज ना उद्या तुमच्याकडं बी येल."

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी राजवर्धन आले. "काका, सबनीसबाई आम्हाला दार उघडत नाहीत, कागदावर सहीपण केलेली नाही. तुम्ही बोला ना. तीस तारखेला सगळे मीटर काढणार, पाणी पण बंद. एकट्या काय करणार त्या वर?"

मला असं कुणाशी बोलता येत नाही. तरी संध्याकाळी सहाला गेलो.

त्यांनी दार उघडलं. "बसा. वीस मिनिटं थांबा, मग बोला."

टीव्हीवर कार्टून चालू होतं, जपानी. मी अवघडून बसलो. त्यांच्याकडे पूर्वी मनस्वी नावाची कॉलेजची मुलगी पेइंग गेस्ट होती. ती जाताना हे कार्टून असलेला पेन ड्राइव्ह विसरली. बाईंनी फोन केला तर म्हणाली, "ठेवा आजी. ते कोणी बघत नाही, फार डिप्रेसिंग आहे." त्याला नावही नव्हतं, भागांना नुसते एक ते बारा आकडे.

गोष्ट अशी. पाण्यात उभं असलेलं एक शहर, सगळे टॉवर. माणसं निघून गेली आहेत. एक मुलगी मागे राहिली आहे. तिचं काम एकच, रोज संध्याकाळी प्रत्येक घरात जाऊन दिवा लावायचा आणि सकाळी मालवायचा. का, ते तिला कुणी सांगितलेलं नाही. खाली इंग्रजी अक्षरं येत आणि चारुलताबाई ती मराठीत वाचून दाखवत. त्या पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आवाज अजून तसाच होता, स्वच्छ, कुणाचाच नसलेला. अंधाऱ्या खोलीत तो ऐकताना ती मुलगीच मराठी बोलते आहे असं वाटायचं.

भाग संपला. त्यांनी भिंतीवरच्या फळीवरून किल्ल्यांचा जुडगा काढला. मी तो ओळखला. इमारतीतल्या प्रत्येकाने आपली जादा किल्ली त्यांच्याकडे ठेवली होती, बायको गेल्यावर मीसुद्धा. सगळे सामान घेऊन गेले, किल्ल्या परत मागायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

"तुम्ही लावता होय दिवे?"

"तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवत नाहीत," त्या म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

दिवे लावणं त्यांनी कार्टून बघण्याआधी सुरू केलं की नंतर, ते मी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, निरोप सांगायलाच. पण आधी भाग लागला. असं रोज झालं. त्यात बघण्यासारखं काय होतं, हे मला नीट मांडता येणार नाही. रंग राखेसारखे, कुठे तरी पंप चालू असल्याचा आवाज. ती मुलगी कधी धावत नाही, रडत नाही. सहाव्या भागात तिला एका घरात जेवणाचं ताट मांडलेलं दिसतं, ती ते धुऊन पालथं घालते, एवढाच तो भाग.

"यात पुढे कुणी येतं का हिला सोडवायला?" मी विचारलं.

"नाही. पहिल्याच भागात सांगून टाकलंय. म्हणून तर निवांत बघता येतं."

मला ते पटलं. बायको गेल्यावर सगळे सांगत होते, होईल सगळं ठीक. तसं न सांगणारं मला हे पहिलंच भेटलं होतं.

नवव्या दिवशी धीर केला. "तीस तारखेला वीज जाणार आहे. तुम्ही निघा ना."

"एक्स्चेंजमध्ये आम्हाला नियम होता," त्या म्हणाल्या. "पुढची बाई बोर्डावर येऊन बसल्याशिवाय कानावरचा हेडफोन काढायचा नाही. एकदा पुढची आलीच नाही. मी सलग सोळा तास बसले होते." मग किल्ल्यांकडे पाहिलं. "जाताना प्रत्येकजण म्हणाला, लक्ष ठेवा. आता पुरे, असं कुणी म्हणालं नाही."

अठ्ठावीस तारखेला बारावा भाग पाहिला. ती मुलगी सगळे दिवे लावून शेवटी आपल्या घराशी येते. घरात दिवा आधीच लागलेला असतो. दार बंद. ती बाहेर उभी राहते. संपलं.

"कुणी लावला?"

"दाखवलं नाही."

त्या दिवशी त्या किल्ल्यांसाठी उठल्या नाहीत. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "चारुलताबाई, मी बघतो. द्या इकडे."

"दोनच दिवस आहेत तुमचे."

"दोन दिवस बघतो."

त्यांनी जुडगा माझ्या हातात दिला, नमिताला फोन केला आणि तासाभरात एक बॅग भरली. मध्ये काही तरी राहिलं म्हणून एकदा खाली जाऊन आल्या. पुनर्विकासाच्या कागदावर सही करून तो माझ्याकडे दिला.

बॅग घेऊन मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो. नमिता रिक्षात बसली होती. अंधार पडला होता. वळून पाहिलं तर सगळी इमारत काळी होती, फक्त तळमजल्याच्या माझ्या खिडकीत दिवा होता. मी सहाला वर गेलो तेव्हा लावला नव्हता.

"कुठून सुरू करणार?" रिक्षात बसत त्यांनी विचारलं.

"वरून."

"बरं. तुमचा मी लावून आलेय. तुमची किल्ली जुडग्यातून काढून फ्रिजवर ठेवलीय."

"बरं," मी म्हणालो.