ऐखामला मारलेली हाक

आधीच माफी मागतो. इथे अनुभव लिहिणारी मंडळी मोठी आहेत आणि माझं मराठी म्हणजे आईचं ऐकून, कॅनडात स्कारबरोच्या शनिवारच्या मराठी शाळेत गिरवून आलेलं. आमच्या घरात युनिव्हर्सिटीत गेलेला मी पहिलाच. बाबा पॅकेजिंगच्या फॅक्टरीत शिफ्ट करतात. भूतखेत, नजर असलं मी कधी मानलं नाही... पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

यंदा, २००९ च्या जूनमध्ये आमच्या अँथ्रपॉलॉजीच्या कोर्सची ट्रिप चीनच्या दक्षिण टोकाला, युनानमधल्या दाय लोकांच्या गावांत गेली. तिथली संस्कृती लोकांच्या घरात राहून बघायची, असं ठरलेलं. आई म्हणाली, "तिकडे जाऊनही भातच खायचाय ना? मग तो घरी गोड लागत नाही का?"

लाकडी खांबांवर उभी घरं, वर माणसं, खाली हातमाग. शिडीपाशी चपला काढायच्या — एवढं एक मला न शिकवता जमलं. मी ज्या घरी उतरलो तिथल्या म्हातारीला सगळे 'मिताव' म्हणत, म्हणजे आजी. तिचं बोलणं आम्हाला इंग्लिशमध्ये सांगायला यूहान नावाची त्याच गावातली, कॉलेजात शिकणारी मुलगी होती.

मी कॅनडाचा, हे कळताच मितावने माझा हात घट्ट धरला. तिचा मुलगा ऐखाम कूक म्हणून कॅनडाला गेला होता. वडील वारले तेव्हा त्याला येता आलं नाही, आणि त्यानंतर त्याचा फोनच नाही. कित्येक वर्षं. आहे की नाही, तेही कुणाला ठाऊक नाही.

"विचारते, तू त्याला पाहिलंस का?" यूहान ओशाळून म्हणाली.

"कॅनडा खूप मोठा आहे, मिताव..."

मिताव काहीतरी पुटपुटली. यूहान हसली. "म्हणते, मग जोरात हाक मारायला हवी!"

त्यांच्यात मानतात की फार दिवस लांब राहिलेल्या माणसाचा जीव वाटेत कुठेतरी हरवतो. त्याला हाक मारून घरी बोलवावं लागतं. सूर्य मावळताना मितावने शिडीच्या वरच्या टोकाला टोपली ठेवली. आत चिकट भात, उकडलेलं अंडं आणि ऐखामचा जुना सदरा. तिने हाका मारल्या, मग मला पुढे ढकललं. तू त्याच्या दिशेहून आलायस, तुझ्या आवाजाला वाट माहीत आहे, असं तिचं म्हणणं.

यूहानने माझ्याकडून त्यांच्या भाषेतलं एक वाक्य घोकून घेतलं होतं. पण खाली शेजारीपाजारी जमलेले... मी गडबडलो, आणि तोंडून आमच्या आईची रोजची हाक निघाली — "ऐखाम! चल रे जेवायला, ताट वाढलंय!"

खाली एकच हशा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी, चुकलं, परत म्हणतो—"

"काय म्हणालास?" यूहानने विचारलं. मी सांगितलं, तिने मितावला सांगितलं.

"राहू दे," मिताव म्हणाली. "जेवायलाच बोलावलंस ना? येईल." आणि माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. आपोआप तुटेपर्यंत काढायचा नाही.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी आईने मला मासे आणायला पाठवलं. "आणि तो दोरा काढ बाबा, फडक्यासारखा मळलाय!" नेहमीच्या ग्रोसरीत पापलेट संपलं होतं म्हणून मी पुढच्या चायनीज ग्रोसरीत गेलो, तिथे पूर्वी कधीच गेलो नव्हतो. काउंटरवरच्या माणसाचा सुरा मध्येच थांबला. तो माझ्या मनगटाकडे बघत होता.

"कोणी बांधला?"

मी गावाचं नाव सांगितलं. मितावचं सांगितलं. त्याने हळूहळू ग्लोव्हज काढले. "ती... आहे अजून?"

तो ऐखाम होता. दुकानात त्याला सगळे 'ली' म्हणत.

"वडिलांच्या वेळी गेलो नाही. मग कोणत्या तोंडाने फोन करू?" तो म्हणाला. आणि मग बिचकत — "एक विचारू? हसू नकोस." जूनमधल्या एका सकाळी तो बर्फावर मासे मांडत असताना मागून कुणीतरी त्याला घरच्या नावाने हाक मारली. वळून बघितलं तर कुणी नाही. नावापुढे काही शब्द होते. चायनीज नाहीत, इंग्लिश नाहीत, त्याच्या भाषेतलेही नाहीत. ते त्याच्या डोक्यातून जाईनात. तो अडखळत म्हणाला —

"चल... रे... जेवायला. ताट... वाढलंय. याचा अर्थ काय?"

मी कसाबसा म्हणालो, "आईने जेवायला बोलावलंय."

तो माणूस एप्रनमध्ये तोंड खुपसून रडला.

पार्किंग लॉटमधूनच मी यूहानला फोन लावला. तिकडे उजाडलं होतं. ती फोन घेऊन पळाली, तिची धाप ऐकू येत होती. मग मितावचा आवाज, मग ऐखामचा एकच शब्द, मग पलीकडे आरडाओरडा, कोंबड्या, कुणीतरी ढोलच बडवायला लागलं! मी आयुष्यात काही जिंकलेलो नाही. पण त्या दिवशी हॉकीत गोल मारल्यासारखे दोन्ही हात वर करून ओरडलो. मासे राहिलेच.

स्कारबरोत मराठी घरं आहेत. कुणी आपल्या मुलाला जेवायला बोलावलं असेल, हे मान्य. पण ऐखाम म्हणून? तिकडचा सूर्यास्त म्हणजे इकडची सकाळ, हेही जुळतं. मला उत्तर सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा.

काल यूहानची ईमेल आली. ऐखाम पोचला. मिताव स्वतः बस थांब्यापर्यंत चालत गेली होती. तो उतरल्यावर तिने आधी छत्रीने त्याला दोन सणसणीत रपाटे हाणले, आणि मग जी मिठी मारली, ती घर येईपर्यंत सोडलीच नाही.