काळीचा रिपोर्ट

आमचे हे एकतीस वर्षं दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांच्या शौचाचे नमुने तपासतात. हसायचं तर हसून घ्या. मीसुद्धा लग्नानंतर वर्षभर माहेरी नुसतं "लॅबमध्ये आहेत" एवढंच सांगायचे. पण माणूस कामात चोख. एकच नमुना तीन-तीनदा बघतील, तेव्हा कुठे कागदावर लिहितील. त्यांचा रिपोर्ट चुकला असं आजवर एकही डॉक्टर म्हणालेला नाही, हे आम्हाला रोज जेवताना ऐकावं लागतं.

आमची काळी कुत्री गाभण राहिली तेव्हा ह्यांनी तिचाही नमुना नेला. दोनदा. जंत नाहीत, अंडी नाहीत. खाली झोकात सही करून कागद फ्रिजवर चिकटवला. "आई स्वच्छ, तर पिल्लं स्वच्छ. औषधबिवषध काही नको," म्हणाले. मला पटलं. न पटायला काय झालं?

काळीला पाच पिल्लं झाली. तिसऱ्या आठवड्यात त्यांची पोटं टम्म, आणि फासळ्या मात्र वरून दिसायला लागल्या. मी म्हटलं, "अहो, जंत तर नसतील ना?"

"फ्रिजवर काय लिहिलंय?"

झालं! पुढे बोलायची सोय नाही. आठ दिवसांत तीन पिल्लं गेली. तिसरं गेलं त्या सकाळी त्याने ओकलं, त्यात दोऱ्यासारखा पांढरा जंत वळवळत होता. दुर्बीण लागलीच नाही हो, नुसत्या डोळ्यांना दिसला! हे लॅबमध्ये होते. मी उरलेली दोन पिशवीत घातली आणि तडक जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"काकू, रिपोर्ट खोटा नाही," त्या म्हणाल्या. "बारीक अळ्या आईच्या मांसात झोपून असतात. शौचात दिसणार कशा? ती गाभण राहिली की त्या जाग्या होतात आणि पोटातच पिल्लांत शिरतात. मग दुधातूनही जातात. पंधराव्या दिवसापासूनच औषध द्यायला हवं होतं."

काळी बिचारी जीव तोडून पाजत होती.

घरी मी काही बोलले नाही. ह्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा दोन पिल्लं वाचवणं सोपं होतं. डॉक्टरीणबाईंनी दिलेली औषधाची बाटली साखरेच्या डब्यामागे ठेवली आणि सांगितल्या दिवशी पिल्लांना पाजली, काळीलाही दिली. महिन्याभरात दोघं घरभर धिंगाणा घालायला लागली. ह्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. येईल त्याला ऐकवायचे, "एक थेंब औषध नाही हं! आईचा रिपोर्टच तसा होता."

मी ऐकून घेत होते. पण परवा शेजारची शिवणकामवाली आली. तिची कुत्री गाभण.

"भाऊजी, पिल्लांना जंताचं औषध आणून ठेवू का?"

"छे! आधी नमुना आण. साफ निघाला तर काही लागत नाही. आमची बघ की!"

मला राहवेना. मी उठले, बाटली काढली आणि तिच्या हातात दिली. "नमुना बिमुना राहू दे. पिल्लं पंधरा दिवसांची झाली की डॉक्टरीणबाईंना विचारून हे सुरू कर. आमच्या दोघांना हेच पाजलंय."

ती एकदा माझ्याकडे, एकदा ह्यांच्याकडे बघत निघून गेली. हे उठून फ्रिजपाशी गेले. ओरडतील असं वाटलं होतं, पण आवाज अगदी बारीक निघाला.

"दोघांनाच? मग त्या तिघांना का नाही दिलंस?"

"तेव्हा माझा तुमच्यावर विश्वास होता."