रिकाम्या बसमध्ये आईचा रुमाल

मंडळी, आज सकाळी आमच्या वस्तीत पहिल्यांदा सिटी बस आली!

माझी आई बंगल्यांच्या कॉलनीत धुणीभांडी करते. तिथं दारोदारी कार, तरी बस आधी तिथंच सुरू झाल्ती. आई मात्र रोज तासभर पायी जायची.

आज बस दिसताच आई पळत गेली अन् तिनं खिडकीतून सीटवर रुमाल टाकला, चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या गाडीत जागा धरतो तसा!

कंडक्टर हसून म्हणाला, "मावशी, एवढी जल्दी कशाला? सगळी गाडी रिकामी हाय."

आईचं हसू गेलं. "रिकामी? मंग तर बंद करतील! थांबा, उद्या सगळ्या बायांना घेऊन येते."

वस्तीवाल्यांनो, उद्या सकाळी आठच्या बसला या. रुमाल टाकल्याशिवाय जागाच मिळू नये, एवढी गर्दी करू. येताय ना?