साडेबारा हजार किलोमीटरचे जाणकार

ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत कुणाची लेक परदेशात बाळंत व्हायची असली, की आधी डॉक्टरला विचारतात आणि मग मला. मुंबईहून मेलबर्नला किती तास, पश्चिमेकडे जायचं तर विमान दुबईला बदलावं की फ्रँकफर्टला, गुडघे दुखत असतील तर कुठली जागा मागावी, हे सगळं मी, म्हणजे सोसायटीचे सुधीरकाका, एका चहावर सांगतो. ऐकणारी मंडळी सहा महिन्यांसाठी निघतात आणि जाताना फ्लॅटची किल्ली माझ्याकडे ठेवतात. हा गृहस्थ कुठेही जाणार नाही, याची त्यांना खात्री असते. सध्या मी पाच घरांच्या तुळशींना पाणी घालतो.

स्वतः मी विमानात कधी बसलेलो नाही.

आमचा निखिल टोरोंटोला असतो. अंतर साडेबारा हजार किलोमीटर, मध्ये एकदा उतरून वीस-बावीस तास. त्याची जाई चार वर्षांची झाली. बाळंतपण सुनेच्या आईने केलं, पुढे निखिलला रजा जमेना, आणि आम्ही नातीला पाहिलं ते फक्त मोबाइलवर. तिला एकदा मांडीवर घ्यायचंय, असं माझी बायको नंदिनी म्हणाली, की मी लगेच नकाशा उघडायचो. हिवाळ्यात थंडी, उन्हाळ्यात तिकिटं महाग, या विमानाचा थांबा फार लांब, त्याचा फारच तोकडा. शेवटी मी हुकमाचा एक्का काढला. म्हटलं, नवी मुंबईचा विमानतळ होऊ दे, घराजवळून बसू. तो इतकी वर्षं 'होत' होता, की माझ्या हयातीत होणार नाही असं मी धरूनच चाललो होतो.

आणि तो झाला की.

सोसायटीत पेढे वाटले. मी माझा पेढा वॉचमनला देऊन टाकला. तरी मी धीर सोडला नाही. तिथून टोरोंटोचं विमान सुरू होऊ दे, असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी नंदिनीने निखिलकडून मुंबईहून एकच तिकीट काढून घेतलं.

मग काय, निघेपर्यंत मी तिचा वर्ग घेत होतो. मधून मधून उठून चाल, पाणी पीत राहा, घड्याळ कुठे बदलायचं ते लक्षात ठेव. तिने मान डोलावली आणि गेली. पोचल्यावर मी व्हिडिओ कॉल करून प्रवास कसा झाला ते विचारलं, तर म्हणाली, "काय माहीत, मी झोपले होते." चार वर्षं मी ज्या तासांचा बाऊ केला, ते या बाईने घोरून संपवले होते.

तेवढ्यात जाईने फोन ओढून घेतला. "आजोबा, तुम्ही का नाही आलात?"

अंतर, थांबे, गुडघे, सगळं जिभेवर तयार होतं. पण ती खरंच उत्तराची वाट पाहत होती. आणि संसाराच्या छत्तीस वर्षांत बायकोला जे सांगितलं नव्हतं, ते मी त्या पोरीला सांगून बसलो.

"मला विमानाची भीती वाटते गं."

जाईला हसू आलं नाही. "मला पण वाटते," ती म्हणाली. "मी आईचा हात धरते. तुम्ही आजीचा धरायचा ना."

माझे डोळे भरून आले होते, आणि फोनचा कॅमेरा चालू होता.

नंदिनीने फोन हळूच स्वतःकडे घेतला.

"अहो, आधी सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर तुमचा हात धरून मी जागी राहिले असते."