बेबामावशीचं औषधशास्त्र

धुळ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात बेबाबाई आया म्हणून लागली, तेव्हा तिची पंचविशीही उलटली नव्हती. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दवाखान्याच्या मागच्या अंगाला तिला एक खोली मिळाली. वॉर्डातल्या चादरी मोजून घेणं, घड्या घालणं, भांडी उकळायला टाकणं, हे तिचं काम. पुढे दवाखान्यात नर्सिंगची शाळा निघाली आणि तिच्या चादरींच्या खोलीला भलताच भाव आला. वसतिगृहात गलका आणि वॉर्डात सिस्टरांचा धाक, म्हणून दुपारच्या सुट्टीत मुली वह्या घेऊन तिथेच पाठांतराला येत. त्या येरझारा घालत म्हणायच्या, बेबाबाई घड्या घालत ऐकायची.

तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण एक बॅच गेली, दुसरी गेली, तिसरी आली, आणि कुणालाही न कळता ते सगळं तिच्या डोक्यात जाऊन बसलं. एखादी मुलगी ओळ गाळून पुढे गेली, की बेबाबाई हातातल्या चादरीवरची नजर न हलवता म्हणायची, "एक राही गयं वं." मुलगी वही उघडून बघायची, तर खरंच एक राहिलेलं असायचं. हृदयाच्या दुखण्यावरच्या डिगॉक्सिनच्या गोळीला ती दिगासीन म्हणायची, पण दिगासीन कधी द्यायची आणि कधी नाही, हे मात्र तिला बिनचूक माहीत होतं.

एकोणसत्तर सालच्या निकालानंतरची गोष्ट. दुसऱ्या वर्षाची जमना पत्र्याची पेटी घेऊन फाटकाकडे निघालेली बेबाबाईला दिसली. जमना यावलकडची. सातपुड्याच्या पायथ्याला तिचा पाडा. बाप वेस्ता कोरडवाहू तुकडा कसायचा, आई दगडीबाई केळीच्या बागांत मजुरीला जायची. त्या पाड्यावरची ही पहिली मॅट्रिक. घरची बोली वेगळी, शाळेची मराठी वेगळी आणि औषधांची नावं इंग्रजी, अशा तीन नद्या ओलांडून ती इथवर आली होती. आता औषधशास्त्रात नापास झाली होती आणि रोगविज्ञानात काठावर वाचली होती.

"कोठे चालनी वं?" बेबाबाईनं विचारलं.

"घरी. मला नाही जमत मावशी. सगळं पाठ केलं होतं. पेपर हातात घेतला आणि पुसून गेलं."

"रडीसन काय व्हई? इकडे आन ती पेटी."

पेटी चादरींच्या खोलीत, कपाटाखाली गेली. दुसऱ्या दिवसापासून दुपारचा रतीब सुरू झाला. जमना घडघडा म्हणायची, अडखळायचीही नाही. तरी आठवड्याभरात बेबाबाईच्या ध्यानात आलं, की ही पोर पोपटासारखी बोलते आहे. एका दुपारी तिनं चादरीचं एक टोक जमनाच्या हातात दिलं आणि मधेच थांबवलं.

"पाय कसाले सुजतस?"

"हृदयाची कार्यक्षमता कमी झाल्यामुळे..."

"ते माले पाठ शे. माले समजाडीसन सांग."

चादर दोघींच्या मधे तशीच ताणलेली राहिली. मग जमना हळूहळू बोलू लागली. "मावशी, केळीच्या बागेत पाटाचं पाणी येतं ना? पुढं पाट तुंबला, की पाणी मागे साचतं आणि बांधातून झिरपून भलत्याच वाफ्यात जातं. हृदय नीट ढकलेना, की रक्त असंच मागं तुंबतं. त्यातलं पाणी पायात उतरतं."

"आते कसं! आनि मंग दिगासीन काय करस?"

"ढकलायला जोर देते. पण ठोकेही कमी करते. म्हणून तर आधी नाडी मोजायची!" जमना स्वतःच चकित झाली. दोन वर्षं हे वाक्य ती म्हणत होती, पण त्यातला 'म्हणून' तिला आज सापडला होता.

त्या दिवसापासून पाठांतर मागे पडलं. जमनाची वही केळीच्या बागांनी, मोहाच्या झाडांनी आणि नदीच्या पुरांनी भरून गेली. प्रत्येक रोगाला तिनं आपल्या पाड्याजवळची एकेक जागा नेमून दिली.

थंडी सरत आली होती. बायकांच्या वॉर्डात आडत दुकानवाल्या भंवरलालशेठच्या आई, झमकूबाई, पाय सुजले म्हणून दाखल झाल्या होत्या. औषधानं सूज उतरली, पण दोन दिवस त्यांनी ताटाला हात लावला नव्हता. त्या सकाळी बेबाबाई चादर बदलायला गेली, तर म्हातारी भिंतीकडे टक लावून बघत होती.

"बाई, रातोरात भिंतीला पिवळा रंग कुणी दिला गं? तुझं लुगडंही पिवळंच दिसतंय."

भिंत पांढरी होती. बेबाबाईचं लुगडंही पांढरं होतं. बेबाबाईनं चादर तशीच टाकली आणि पलीकडच्या खाटेशी थर्मामीटर लावत असलेल्या जमनाला हाताला धरून आणलं.

"दिगासीनना पाठ म्हन."

"आता? मावशी, वॉर्डात?"

"म्हन लवकर."

जमना पुटपुटू लागली. "औषध अंगात साठल्यास भूक जाते, मळमळ होते, नाडी मंदावते, वस्तू पिवळ्या..." ती थांबली. तिनं झमकूबाईंकडे पाहिलं, आणि दुसरं काही न विचारता त्यांचं मनगट धरलं. पूर्ण मिनिट मोजलं. अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजलं, तरी अठ्ठेचाळीसच.

"तुम्हीच का नाही सांगितलं सिस्टरांना?" तिनं दबल्या आवाजात विचारलं.

"मी सांगसू त कोन ऐकी? तू वर्दीमा शे. जाय."

सकाळच्या गोळ्यांचा ट्रे घेऊन सिस्टर प्रमिलाबाई येतच होत्या. जमना त्यांच्या वाटेत उभी राहिली. "सिस्टर, सात नंबरच्या आजींची गोळी थांबवा. नाडी अठ्ठेचाळीस आहे आणि त्यांना सगळं पिवळं दिसतंय." प्रमिलाबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, स्वतः नाडी पाहिली आणि गोळी ट्रेमध्ये परत ठेवून डॉक्टरांना बोलावणं धाडलं. डॉक्टरांनी गोळी बंद केली. चार दिवसांनी झमकूबाईंनी अर्धी पोळी खाल्ली आणि भिंत पांढरी झाल्याचं साऱ्या वॉर्डाला सांगितलं.

डॉक्टरांनी शाबासकी दिली तेव्हा जमना म्हणाली, "मला बेबामावशीनं दाखवलं." बेबाबाई तोवर बादली घेऊन वॉर्डाबाहेर सटकली होती.

त्या उन्हाळ्यात जमना औषधशास्त्रात पास झाली आणि पुढचं शेवटचं वर्षही एका दमात. निकाल ऐकून वेस्ता आणि दगडीबाई फडक्यात चारोळी बांधून धुळ्याला आले. त्यांची बोली बेबाबाईला अर्धी कळेना, तिची अहिराणी त्यांना अर्धी. तरी तिघं पायरीवर बसून भाकरी खात तासभर बोलत राहिली. वेस्तानं लेकीला विचारलं, "ह्या तुझ्या मास्तरीणबाई का?" जमनानं "हो" म्हटलं. बेबाबाई घाईघाईनं म्हणाली, "नही भाऊ, मी त आया शे." पण वेस्ताचे हात जोडलेले होते ते त्यानं खाली घेतले नाहीत.

जमनाला पिंपळनेरच्या बाजूला सरकारी नोकरी लागली. होळीला ती यावलकडे, आईबापाच्या पाड्यावर जायची. पण आखाजीला, लेकी माहेरी येऊन झोके घेतात त्या सणाला, ती एसटीनं धुळ्याला उतरायची. पहिल्या वर्षी बेबाबाईनं शेजारणीकडून सांजोऱ्या करायला शिकून घेतल्या. नवरा गेल्यापासून सणाला घरी येईल असं बेबाबाईला कुणी नव्हतंच. दवाखान्यामागच्या कडुलिंबाला तिनं स्वतः दोर बांधला, दोनदा ओढून पाहिला आणि जमनाला म्हणाली, "बठ वं माय, झोका देस तुले."