एकेचाळीस कॉलर

पेंटरला माणसांची किळस यायची, आणि ती लपवायची गरज त्याला कधी वाटली नाही. बस डेपोच्या भिंतीच्या कोपऱ्यात थुंकणारे ड्रायव्हर, पाठीमागे उभं राहून "इथं जरा लाल मारा" म्हणणारे प्रवासी, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे सख्खा मेहुणा. हा मेहुणा बावीस वर्षं एक नाटक लिहीत होता. दर वर्षी नवी वही, नवं पेन, आणि वर्ष संपता संपता दुसऱ्या अंकात गाडी रुतलेली. तो जेवायला आला की पेंटर अर्ध्या ताटावरून उठायचा. "ज्याला रोज एक ओळ खरडता येत नाही, त्याच्या शेजारी बसून मला घास उतरत नाही," असं बायकोला ऐकवायचा. भाऊ तिचा, नवरा तिचा. ती बिचारी काय बोलणार? स्वयंपाकघरात भांडी जोरात आपटायची, बस.

उभी हयात पेंटरने दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवले होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी डेपोच्या मॅनेजरने त्याला प्रवाशांच्या बसण्याच्या जागेतली भिंत दाखवली. चोवीस फूट लांब, तेरा फूट उंच. डेपोत राबणारी सगळी एकेचाळीस माणसं तिच्यावर हवी होती, बघताक्षणी ओळखू येतील अशी. मागे बस, वर आभाळ. पाटी वाचून लोक दुकानात शिरतात, रंगवणाऱ्याचा विचार कुणी करत नाही. आपल्या मागे राहील अशी ही एकच गोष्ट आहे, हे पेंटरला तिथल्या तिथं कळलं.

त्याने खडूची दोरी मारून भिंतीवर फुटाफुटाच्या चौकटी आखल्या. तीनशे बारा. एकेकाला बाकावर बसवून पेन्सिलीने चेहरे कागदावर उतरवून घेतले. मग नियम केला: मंगळवारी एक चौकट, शुक्रवारी एक. ताप येवो, पाहुणे येवोत. चौकटींचा एक तक्ता शेजारी चिकटवला आणि झालेल्या चौकटीवर लाल फुली मारायला लागला. अडीच वर्षांत एक खाडा नाही. सासरे गेले त्या दिवशीसुद्धा सकाळची चौकट पुरी करून मगच तो तिकडे गेला. बायकोने महिनाभर अबोला धरला, तर म्हणाला, बरं झालं, घरात शांतता आहे. मॅनेजर नव्या भरतीच्या लोकांना आणून तक्ता दाखवायचा. "बघा, याला म्हणतात शिस्त!" पेंटर मान खाली घालून ब्रश पुसायचा आणि आतल्या आत फुगायचा.

फुग्याला टाचणी लावली ती झाडणाऱ्या मावशीने. मावशी डेपोत तीस वर्षं झाडू मारत होती. एका मंगळवारी झाडता झाडता ती भिंतीपुढे थांबली.

"पेंटर, मी या तीस तारखेला रिटायर होतेय. माझं तोंड कधी काढताय?"

"नंबर आला की येईल, मावशी."

"कुणाचा आलाय नंबर? सगळ्यांचे कपडे झाले, बुटांच्या नाड्या झाल्या. वर नुसता चुना! अडीच वर्षं मी या बिनमुंडक्यांच्या पायाशी झाडतेय."

"चेहरे शेवटी घ्यायचे असतात."

"का?"

पेंटर ब्रश पुसायला लागला. हे वाक्य तो अडीच वर्षं लोकांच्या तोंडावर फेकत होता, पण पुढे 'का' म्हणून कुणी विचारलं नव्हतं. मावशी बादली उचलून निघून गेली.

तो दहा पावलं मागे सरला आणि भिंतीकडे नीट बघितलं. आभाळाच्या अकरा निळ्या छटा. बसच्या काचेत दिसणारं झाड, पानन् पान. एकेचाळीस कॉलर, इस्त्री केल्यासारख्या, आणि प्रत्येक कॉलरच्या वर एक कोरी चौकट. तक्त्यावर दोनशे एकाहत्तर फुल्या होत्या. दर मंगळवारी, दर शुक्रवारी इथं उभं राहून त्याने उरलेल्यातली सोपी चौकट उचलली होती. चुकून नव्हे, शोधून. त्याला स्वतःची शिसारी आली. मेहुण्याने निदान कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकली नव्हती, त्याची वही अर्धी होती आणि अर्धीच दिसत होती.

त्याने खोक्याच्या तळातून दोन नंबरचा बारीक ब्रश काढला, हात टेकायच्या काठीवर मनगट ठेवलं आणि मावशीची भुवई काढायला घेतली. ब्रशचं टोक थरथरलं. भुवई कपाळावर घसरत गेली. त्याने ती पुसली, पुन्हा काढली. पुन्हा तेच.

घरी आल्यावर बायकोने चहा पुढे ठेवला. कप अर्धा. गेलं वर्षभर अर्धाच. वडील गेले त्या दिवसाचा राग ती असा काढतेय, असं तो धरून चालला होता.

"पुरा कप का देत नाहीस गं?"

"पुरा दिला की अंगावर सांडता. हात कापतो तुमचा."

"कधीपासून?"

"झालं की वर्ष."

"मग बोलली का नाहीस?"

बायकोने कपाखाली फडकं सरकवलं. "का, तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत होतं. वर्षापूर्वी बारीक ब्रश खोक्याच्या तळाशी त्यानेच टाकला होता, केस झिजलेत म्हणून. केस कुठे झिजले होते? आभाळाला चार इंची ब्रश चालतो, त्यात थरथर दिसत नाही. म्हणून गेलं वर्षभर तो झालेल्या आभाळाशेजारी आणखी आभाळ रंगवत होता. आणि त्याआधीची दीड वर्षं? तेव्हा हात दगडासारखा स्थिर होता. तो हात त्याने बुटांच्या नाड्यांवर खर्ची घातला. त्याने चहा तसाच ठेवला. तो अर्ध्या कपावरून उठला.

तीस तारखेपर्यंत त्याने एकच चौकट धरली. दोनदा सुरीने खरवडून काढली. तिसऱ्यांदा जे झालं ते राहू दिलं, कारण दिवस संपले होते. एक डोळा खाली आला होता आणि हसू ओठांवरून ओघळून हनुवटीवर गेलं होतं. पेन्सिलीच्या कागदावर मावशी हसत होती. भिंतीवर कुणीतरी तिला मारल्यासारखं दिसत होतं.

शेवटच्या दिवशी मावशी ठेवणीतले कपडे घालून आली. भिंतीपुढे उभी राहिली. मग तिने पेंटरच्या हाताकडे बघितलं. तो त्याने पटकन खिशात घातला.

"आभाळ मात्र सुरेख काढलंत हो, पेंटर," ती म्हणाली आणि त्याच्या दंडावर थोपटून गेली.

थुंकणाऱ्यांना आयुष्यभर शिव्या घातलेल्या त्या माणसाच्या तोंडात थुंकी जमली. समोर त्याचं आभाळ होतं, अकरा छटांचं, कुठंही डाग नसलेलं. त्याने थुंकी गिळली. चाळीस कॉलर उरल्या होत्या.